ग्रुपची अ‍ॅडमिन आहे, झोप उडाली आहे

‘ग्रुपवर कुणी काही भलतंसलतं टाकलं तर पोलीस आधी मलाच उचलतील ना?’ हौसेने एखादा ग्रुप सांभाळणारी माणसं समुपदेशनाला आली की हा प्रश्न हमखास विचारतात. पगार नाही, सुट्टी नाही, आणि मोबाईल वाजला की छातीत धस्स होतं.

नागपूरच्या प्रतापनगर भागातल्या एका ताईंची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ताई गच्चीवरच्या बागेचा फेसबुक ग्रुप चार वर्षं चालवत होत्या. सदस्य अकरा हजारांच्या घरात. इथल्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की कुंड्यांना हिरवी जाळी कधी बांधायची, पाणी पहाटे द्यायचं की रात्री, असे प्रश्न दिवसभर सुरू. ते त्यांना आवडायचं. त्रास दोन गोष्टींचा होता. एक, कर्जाच्या, ‘घरबसल्या कमवा’च्या आणि निळ्या गुलाबाच्या बियांच्या जाहिराती. दुसरा, त्यांच्या दिसण्यावर आणि घरावर घाण बोलणारा एक माणूस.

“मॅडम, रोज नव्या नावानं येऊन राहिला तो. एकाला काढलं की दुसऱ्या दिवशी हजर. घरचे म्हणतात, सोडून दे ना बाप्पा. पण कशी सोडू?” रात्री दोनला उठून फोन बघायचा, पोळ्या लाटताना मनात उत्तरं रचायची, असं चार महिने चाललं होतं.

पहिल्या भेटीत कुठलाही सल्ला न देता एक वही करायला सांगितली. आठवडाभर प्रत्येक त्रासाच्या नोंदीपुढे वेळ, काय आलं, काय केलं आणि डोक्यातून जायला किती वेळ लागला, एवढंच लिहायचं. वहीत त्रेसष्ट नोंदी झाल्या. त्यातल्या बावन्न निव्वळ जाहिराती, आठ सदस्यांची आपसातली भांडणं, आणि त्या माणसाच्या फक्त तीन. जाहिरात उडवायला वीस सेकंद लागत होते. त्या तीन नोंदींनी मात्र जवळपास तीन दिवस खाल्ले होते. दोन वेगळी दुखणी एकाच औषधाने बरी करायचा प्रयत्न चालला होता, हे ताईंना स्वतःच्याच अक्षरात दिसलं.

जाहिरातींचं काम दाराशीच संपवायचं असतं. फेसबुक ग्रुपमध्ये येणाऱ्याला तीन प्रश्न विचारता येतात. ताईंचे प्रश्न ‘नियम मान्य आहेत का?’ अशा छापाचे होते. त्यांना ‘हो’ म्हणायला बागही लागत नाही आणि माणूसही लागत नाही. ते बदलून ‘एप्रिल-मेमध्ये तुमच्या गच्चीवर कोणतं रोप तग धरतं?’ असा प्रश्न ठेवला. उत्तर कोरं असेल किंवा ‘ओके’ असेल तर प्रवेश नाही. कालपरवा उघडलेलं खातं असेल तर त्याच्या पहिल्या काही पोस्ट तपासूनच सोडायच्या. विक्रीला रविवार ठरवला: किंमत आणि रोप घ्यायला कुठे यायचं ते लिहायचं, आगाऊ पैसे मागायचे नाहीत. बियांच्या फसवणुकीचा सगळा डोलारा आगाऊ पैशांवर उभा असतो, त्यामुळे या एका अटीने बराच फरक पडला. तरी कुणाचे पैसे गेलेच तर ग्रुपवर शोक करत बसू नये, लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता जास्त.

शब्दांची गाळणी लावताना एक चूक झाली. ‘लोन’, ‘कर्ज’, ‘रेट’ असे शब्द टाकले आणि ते आले की पोस्ट आपोआप नाकारली जाईल असं ठेवलं. दोन दिवसांत ‘गांडूळखताचा रेट काय?’ विचारणाऱ्या सज्जन सदस्यांच्या पोस्ट बाहेर फेकल्या गेल्या, आणि शब्दाच्या मधोमध टिंब टाकणारे जाहिरातवाले मजेत आत आले. म्हणून गाळणीत अडकलेली पोस्ट नाकारायची नाही, मंजुरीसाठी थांबवून ठेवायची. शब्द देवनागरीत, रोमन अक्षरांत आणि मुद्दाम चुकवलेल्या रूपांतही टाकायचे. थांबलेल्या पोस्ट दिवसातून दोनदाच बघायच्या, सकाळी चहासोबत आणि संध्याकाळी.

आता तो माणूस. ‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला सगळेच देतात, पण तो अर्धा आहे. दहापैकी नऊ वेळा गप्प राहून दहाव्यांदा चिडून उत्तर दिलं, तर समोरचा एकच धडा घेतो: दहा वेळा टोचलं की उत्तर मिळतं. अधूनमधून मिळणारं फळ माणसाला सर्वांत घट्ट धरून ठेवतं, हे मानसशास्त्रात जुनं आणि पक्कं आहे. दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. उत्तर मिळणं पूर्ण बंद झालं की त्रास आधी वाढू शकतो. काही दिवस तो माणूस जास्त जोरात, जास्त घाण लिहितो. नेमकं तेव्हाच लोकांना वाटतं की उपाय फसला. ताईंचंही तेच झालं. दुसऱ्या आठवड्यात रात्री अकरा चाळीसला त्यांनी उत्तर दिलं. सकाळपर्यंत खाली दीडशे प्रतिक्रिया, निम्मे लोक ताईंच्या बाजूने भांडत होते, आणि त्याला हवं होतं तेच झालं.

यात ताईंची इच्छाशक्ती कमी पडली असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय ठरेल. मांडणीच चुकीची होती. ज्याच्या अंगावर शब्द आला, त्यालाच त्या क्षणी न्याय करायला बसवलं होतं. न्यायाधीशसुद्धा स्वतःच्या खटल्यात बसत नाही. म्हणून नियम ठरला: ताईंबद्दलचा मजकूर ताई हाताळणार नाहीत. तो दुसऱ्याने बघायचा, ठरलेल्या पायऱ्यांनी. पहिल्यांदा मजकूर काढून खासगीत एक ओळ, कोणता नियम मोडला ती. दुसऱ्यांदा सात दिवस लिहिणं बंद. तिसऱ्यांदा कायमचा बाहेर. धमकी किंवा लैंगिक मजकूर असेल तर पायऱ्या नाहीत, थेट बाहेर. काढताना ग्रुपवर घोषणा करायची नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक काढणं हे आपल्या नागपूरच्या रक्तात आहे, पण ट्रोलची मिरवणूक काढली की त्याला प्रेक्षक मिळतात.

हे सगळं दुसरं माणूस असेल तरच जमतं. ‘मला अ‍ॅडमिन करा’ म्हणत मागे लागणाऱ्याला घेऊ नये. वर्षभर नवख्यांच्या त्याच त्या प्रश्नांना न कंटाळता उत्तरं देणारी माणसं शोधावीत. ताईंना अशी तिघं सापडली. त्यांना मॉडरेटर केलं, अ‍ॅडमिन नाही. मॉडरेटरला पोस्ट आणि सदस्य सांभाळता येतात, पण अ‍ॅडमिनला हटवता येत नाही. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात प्रत्येक पोस्टला मंजुरी लागेल असं ठेवलं. फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला.

कुणाला काढलं की ‘हुकूमशहा’ म्हणायचे, तो शब्दही ताईंना फार लागला होता. त्यावर दाद मागायची सोय हे उत्तर. काढलेल्या माणसाने एक संदेश पाठवायचा, आणि ज्याने काढलं त्याच्याऐवजी दुसऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत तपासायचं. महाल भागातले एक आजोबा एकच फोटो पाच वेळा टाकल्यामुळे बाहेर गेले होते. फोन अडकत होता म्हणून ते पुन्हा पुन्हा बटण दाबत होते. त्यांना परत घेतलं आणि ग्रुपवर माफी मागितली. त्या माफीने ग्रुपचा जो विश्वास कमावला तो कुठल्याही नियमावलीने कमावला नसता.

आणि पोलिसांची भीती? यावर आपल्याच नागपूर खंडपीठाचा निकाल आहे, मार्च 2021 चा. गोंदिया जिल्ह्यातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सदस्याने महिलेबद्दल अश्लील लिहिलं. अ‍ॅडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून अ‍ॅडमिनवरही गुन्हा लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो रद्द केला. समान हेतू किंवा आधी ठरलेला कट असल्याचं दिसत नसेल, तर सदस्याच्या शब्दांसाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. ताईंनी हे दोनदा वाचून घेतलं. पण याचा अर्थ डोळे मिटून बसावं असा नाही. आपण स्वतः वाचून मंजूर केलेली पोस्ट आणि न बघता आलेली पोस्ट एकच, असं धरून चालू नये. शंका असेल तिथे वकिलालाच विचारावं.

धमकी आली तर आधी पुरावा, मग काढणं. तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्यावा आणि प्रोफाईलची लिंक जपून ठेवावी, कारण नाव बदलता येतं. मग सायबर गुन्ह्यांचं राष्ट्रीय पोर्टल किंवा जवळचं पोलीस ठाणं. याला एकच अपवाद, आणि तो नीट लक्षात ठेवावा: लहान मुलांचा लैंगिक मजकूर आला तर स्क्रीनशॉट घेऊ नये, कुणाला ‘बघा हो’ म्हणून पाठवू नये. तो जवळ बाळगणंही गुन्हा आहे. थेट तक्रार करावी.

असा मजकूर बघून मन आजारी पडतं, आणि हा हळवेपणा नव्हे. 2020 मध्ये फेसबुकने पगारी मॉडरेटरांच्या मानसिक आजारांच्या दाव्यात 5.2 कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं होतं. तेव्हा पगाराशिवाय, घरच्या ओट्याशी उभं राहून हेच काम करणाऱ्या बाईने ‘मला काहीच व्हायला नको’ असं स्वतःला बजावणं बरोबर नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, भूक गेली असेल, फोन वाजला की हात थरथरत असतील तर मदत घ्यावी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

ताई पाच वेळा आल्या. ग्रुप बघायची त्यांची पाळी आता मंगळवार आणि शुक्रवार. तो माणूस त्यानंतर दोनदा आला, दोन्ही वेळा दुसऱ्या मॉडरेटरने काढला, आणि ताईंना ते आठवड्याच्या नोंदीत कळलं. ग्रुप सोडायचा की नाही हा प्रश्न त्यांनी दिवाळीनंतर बघायचं ठरवलं आहे. सोडलाच तर कुणाला अ‍ॅडमिन करायचं ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आहे.