माघार कोणी घेतली आणि पीछेहाट कोणाची झाली?

प्रश्न : फोंडा तालुक्यातील एका भजनी मंडळाचा मी कार्यवाह आहे. गेली काही वर्षे स्पर्धेत पहिल्या तिघांत येणारे आमचे मंडळ यंदा सातवे आले. वार्षिक अहवालात मी ‘यंदा मंडळाने माघार घेतली’ असे लिहिले, तेव्हा आमचे ज्येष्ठ पखवाजवादक दुखावले आणि म्हणाले, ‘आम्ही माघार कुठे घेतली? शेवटचा गजर होईपर्यंत वाजवले.’ मला केवळ मागे पडलो एवढेच म्हणायचे होते. माझा शब्द चुकला का? पीछेहाट, पिछाडी, खीळ यांपैकी कोणता शब्द योग्य ठरला असता?

उत्तर : आपल्या पखवाजवादकांचे म्हणणे बरोबर आहे. आपल्या वाक्यातला दोष ‘माघार’ या नामापेक्षा ‘घेणे’ या क्रियापदातून आला आहे. माघार घेतली जाते, पीछेहाट होते, खीळ बसते, पिछाडीवर पडले जाते. ‘घेणे’ म्हटले की घेणारा आला आणि त्याचा निर्णयही आला. म्हणून निवडणुकीतील उमेदवार अर्ज मागे घेतो तेव्हा त्याने माघार घेतली असे आपण म्हणतो, पण मते कमी पडून हरलेल्याविषयी तसे कधीच म्हणत नाही. मंडळाने स्पर्धेतून नाव काढून घेतले असते तर आपले वाक्य अचूक ठरले असते. ते पूर्ण गाऊन सातवे आले असताना ‘माघार घेतली’ म्हटल्याने, न केलेल्या कृतीची जबाबदारी गायक-वादकांवर येऊन पडली.

‘माघार’ आणि ‘पीछेहाट’ हे दोन्ही शब्द एकाच घटनेला लागू शकतात का, असे कोणी विचारील. लागू शकतात, आणि त्याचे उदाहरण आपल्या फोंड्यातच आहे. नोव्हेंबर 1683 मध्ये पोर्तुगीज विजरई (व्हाइसरॉय) आल्व्होरचा काउंट याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला होता. संभाजी महाराज सैन्य घेऊन आल्यावर त्याला तो वेढा उठवून परतावे लागले. येथे विजरईने माघार घेतली हे खरे, कारण वेढा उठवण्याचा निर्णय त्याचा होता; आणि पोर्तुगीजांची पीछेहाट झाली हेही खरे, कारण त्या निर्णयाचा परिणाम तसा झाला. पुढे मुघल शाहजादा शाह आलम चालून आल्यामुळे संभाजी महाराजांना गोव्याची मोहीम आवरती घ्यावी लागली. त्याविषयी लिहिताना मी ‘महाराज माघारी फिरले’ असे लिहीन. ‘माघारी’ या रूपात पराभवाची छटा नाही. बाजारातून, शेतातून, सासरहून माणूस माघारी येतो, तेव्हा त्याने काही गमावलेले नसते. ‘माघार’ आणि ‘माघारी’ यांत एका वेलांटीचा फरक असला तरी अर्थाने ते बरेच दूर गेले आहेत.

‘पीछेहाट’ या शब्दात हिंदीतले ‘पीछे हटना’ उघड दिसते. तो एका दिवसाच्या अपयशाला जड होतो. जिंकलेली जागा हळूहळू हातची जाते तेव्हा तो शोभतो. आपले मंडळ एकाच वर्षी सातवे आले आहे, त्यामुळे हाही शब्द मी टाळला असता. ‘पिछाडी’ हलकी आहे. मूळ अर्थ मागची बाजू. घोड्याचे मागचे पाय बांधण्याच्या दोरीलाही पिछाडीच म्हणतात. फुटबॉलच्या सामन्यात मध्यंतराला पिछाडीवर असलेला संघ शेवटी जिंकू शकतो, कारण पिछाडी ही त्या क्षणाची स्थिती आहे. ‘खीळ’ मात्र येथे बसणारच नाही. खीळ आणि खिळा हे दोन्ही संस्कृत ‘कील’पासून आलेले, आणि खीळ बसली की चालते काम जागच्या जागी थांबते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च 2018 मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, तेव्हा त्या व्यवसायाला खीळ बसली हे वर्णन नेमके होते.

आपल्या अहवालात ‘यंदा मंडळ सातव्या क्रमांकावर आले’ एवढेच लिहावे. कोकणीत आपण ‘फाटीं पडलें’ सहज म्हणतो, तसे मराठीत ‘मागे पडले’ म्हणता येईल, परंतु क्रमांक दिल्यावर तेही लागत नाही.

प्रश्न : ‘कलाटणी’ आणि ‘घूमजाव’ हे समानार्थी मानावेत का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : मानू नयेत. कलाटणी घटनांना मिळते, घूमजाव माणूस करतो. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 आणि संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) राहण्याच्या बाजूने 1,72,191 मते पडली, आणि गोव्याच्या राजकारणाला कलाटणी मिळाली. कलाटणी चांगली की वाईट हे शब्द सांगत नाही. ते वाचणाऱ्याच्या मतावर ठरते. मराठीवर प्रेम करणाऱ्या अनेकांना त्या दिवशी अतोनात दुःख झाले, आणि तरीही ‘कलाटणी’ हाच शब्द दोन्ही बाजूंना मान्य होण्याजोगा आहे. विलीनीकरणाच्या मागणीचा तो पराभव होता; विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची पीछेहाट मात्र म्हणता येत नाही, कारण त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत तो पक्ष पुन्हा सत्तेवर आला.

घूमजाव म्हणजे कालपर्यंतच्या भूमिकेकडे पाठ फिरवणे. त्यात दोषारोप आहे, म्हणून तो जपून वापरावा. ‘पक्षांतर’ तसा नाही. भाषांतर, स्थलांतर यांतला ‘अंतर’ केवळ ‘दुसरा’ एवढेच सांगतो. नवी माहिती हाती आल्यावर एखाद्याने मत बदलले आणि तसे उघडपणे सांगितले, तर त्याला वृत्तपत्रे सर्रास घूमजाव म्हणतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यासाठी ‘फेरविचार’ हा शब्द मराठीत पूर्वीपासून आहे.