‘सानुकूल’ नियम कुणाला सानुकूल?

प्रश्न असा आहे: ‘प्रोग्रामिंगच्या संपादकात, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, कोडमधल्या चुका दाखवणारं ‘ऑडिट’ नावाचं साधन असतं. त्यात आपण स्वतः लिहिलेले नियम जोडता येतात. याला “सानुकूल नियमांद्वारे संहिता-लेखापरीक्षणाचा विस्तार” म्हटलं तर चालेल का?’

नाही चालणार. लेखापरीक्षण हिशेबाचं, वर्ष सरल्यावर आणि तिऱ्हाइतानं केलेलं. इथे ओळ टाइप होते न होते तोच तिच्याखाली नागमोडी रेघ उमटते. ‘तपासणी’ म्हणा आणि मोकळे व्हा. ओरॅकलच्या जेडेव्हलपर या संपादकात या सोयीचं नाव ‘ऑडिट’ आहे, पण इंटेलिजे या दुसऱ्या संपादकात ती ‘इन्स्पेक्शन’ आहे, म्हणजे तपासणीच.

माझं डोकं उठतं ते ‘सानुकूल’मुळे. कुठलंही ॲप मराठीत उघडा, ‘सानुकूल’, ‘सानुकूलित करा’ हे हजर! अहो, ग्रह सानुकूल असतात, दैव सानुकूल होतं. सानुकूल म्हणजे प्रसन्न, आपल्या बाजूचा. ‘आपल्या गरजेप्रमाणे बेतलेला’ हा इंग्रजी ‘कस्टम’चा अर्थ त्याच्यावर कुणी लादला?

शब्द मात्र देखणा आहे. अनु + कूल. कूल म्हणजे नदीचा काठ. काठाला धरून जाणारं ते अनुकूल, काठाच्या विरुद्ध ते प्रतिकूल. ‘आपल्या कुळाला साजेसं ते अनुकूल’ ही व्युत्पत्ती आत्मविश्वासानं सांगणारे भेटतात. त्यांनी आधी ऱ्हस्व-दीर्घ पाहावं. ‘कुल’ वेगळं, ‘कूल’ वेगळं. ‘अनुकुल’ लिहिणारी मंडळी त्यांचीच शिष्य असावीत.

मोनियर-विल्यम्स यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात कूलचा अर्थ आधी ‘उतार’ आणि मग ‘काठ’ असा दिला आहे. त्यावरून ‘उताराच्या दिशेनं ते अनुकूल’ अशी फोड करता येते, पण ती मला मुळीच पटत नाही. तसं असतं तर प्रतिकूल म्हणजे नुसता चढ झाला असता. चढानं दम लागतो, चढ कुणाशी वैर धरत नाही. प्रतिकूलमध्ये समोरून होणारा विरोध आहे. माझ्या मते हा शब्द नावाड्यांचा. काठालगत धार मंद असते, आणि नाव दोर लावून काठावरून ओढता येते. दोराला संस्कृतात गुण म्हणतात, आणि म्हणूनच डोलकाठीला गुणवृक्ष. काठ, दोर आणि नाव यांचं जमलं की सगळं अनुकूल! याला कोशाचा आधार मागू नका, हे माझं मत आहे. पण उताराच्या फोडीपेक्षा ते बरं आहे.

आता गंमत पाहा. जावा या प्रोग्रामिंग भाषेतला कोड तपासायला चेकस्टाइल नावाचं साधन आहे. त्यात नियम लिहायचा म्हणजे ‘ॲबस्ट्रॅक्टचेक’ या तयार क्लासपासून (क्लास म्हणजे कोडचा साचा) आपला क्लास काढायचा. ‘गेटडिफॉल्टटोकन्स’मध्ये साधन कोडची फोड करून जो वृक्ष मांडतं, त्यातल्या कुठल्या प्रकारच्या गाठींवर थांबायचं ते सांगायचं. तशी गाठ आली की ‘व्हिजिटटोकन’ चालतं. तिथे आपली अट तपासायची आणि मोडलेली दिसली की ‘लॉग’ करून तक्रार नोंदवायची. समजा, पैशांच्या रकमेला ‘डबल’ हा द्विमान अपूर्णांकाचा प्रकार वापरायचा नाही, दशमान ‘बिगडेसिमल’च हवा, असा तुमच्या गटाचा दंडक आहे. द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ यांनी लिहिलेल्या, अपूर्णांकात ०.१ नेमका मावत नाही, म्हणून हा दंडक शहाणपणाचाच. पण घाईत ‘डबल’ लिहून बसलेल्या माणसाला तो नियम सानुकूल वाटेल? त्याच्या दृष्टीनं तो चक्क प्रतिकूल!

हो, तुम्हाला शब्द हवा होता. ‘पदरचे नियम’ म्हणा. ‘पदरचं घालणे’ मराठीत आहेच, आणि कीर्तनकारानं पदरची ओवी घुसडली की ऐकणाऱ्यांना जी शंका येते, तीही त्या शब्दात आहे. गटातल्या कुणा एकाच्या हट्टातून आलेल्या नियमाबद्दल ती शंका असलेलीच बरी. ‘तपासणीत पदरचे नियम घालणे’. फारच घरगुती वाटत असेल तर ‘स्वतःचे नियम’ लिहा, पण सानुकूल ग्रहताऱ्यांकडेच राहू द्या.