नैरोबीत एकच रविवार मोकळा आहे. उहुरू पार्कला सहकुटुंब जावं का? सुरक्षित आहे का?

जरूर जा, फक्त दिवसाउजेडी जा. तुम्ही लिहिलंय की ऑफिसातल्या सगळ्यांनी "त्यापेक्षा करुरा जंगलात जा" असं सुचवलं आणि मुलगी सोबत असल्यामुळे तुमचं मन कचरतंय. करुरा सुंदर आहे, वाद नाही. पण मी नोकरीनिमित्त याच शहरात राहतो आणि माझं स्पष्ट मत आहे की नैरोबीची माणसं बघायची असतील तर रविवारचं उहुरू पार्क चुकवू नये.

सुरुवात मात्र जीवनजी गार्डन्सपासून करा. सिटी मार्केटजवळची ही पाचेक एकरांची बाग आहे. अलीभाई मुल्ला जीवनजी या व्यापाऱ्याने ती 1906 मध्ये शहराला दिली. त्यांचा जन्म कराचीचा, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातला. ब्रिटिशांनी मोंबासा बंदरापासून आत टाकलेल्या युगांडा रेल्वेला मजूर आणि माल पुरवून ते मोठे झाले. 1991 मध्ये या बागेत बहुमजली पार्किंग उभारायचा घाट घातला गेला, तेव्हा त्यांच्या नातीने पुढे होऊन विरोध केला, लोक सोबत आले आणि बाग वाचली. आजही बाकांवर राजकारणावर तावातावाने चर्चा चाललेली असते, पलीकडे कुणीतरी बायबल हातात धरून घसा फोडून प्रवचन देत असतो. दहा मिनिटं उभं राहून ऐका, कुणी हटकत नाही.

तिथून केन्याटा अव्हेन्यूने पायी पंधरा-वीस मिनिटांत उहुरू हायवे लागतो. डोक्यावर एक्सप्रेसवे दिसेल. रस्ता सिग्नललाच ओलांडा आणि मुलीचा हात सोडू नका. समोरचा कोपरा म्हणजे उहुरू पार्कचा फ्रीडम कॉर्नर. इथे घाई करू नका.

केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांच्या हस्ते 1969 मध्ये खुलं झालेलं हे उद्यान आज जागेवर आहे, ते वांगारी माथाई या पर्यावरणासाठी लढणाऱ्या बाईंमुळे. 1989 मध्ये सत्ताधारी पक्षाने इथे साठ मजली टॉवर बांधायचं ठरवलं होतं. पक्षाचं मुख्यालय, वर्तमानपत्राची कचेरी, आणि समोर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोई यांचा भव्य पुतळा. एकपक्षीय राजवट होती, विरोधात ब्र काढायची सोय नव्हती. माथाईंनी पत्रांचा सपाटा लावला. सरकारला लिहिलं, ब्रिटिश उच्चायुक्तांनाही लिहिलं की लंडनच्या हाइड पार्कमध्ये तुम्ही असा टॉवर होऊ द्याल का? संसदेत त्यांची टिंगल झाली, त्यांच्या संस्थेला सरकारी जागेतून बाहेर काढलं. पण बोभाटा एवढा झाला की परदेशी पैसा आटला आणि प्रकल्प गुंडाळावा लागला.

1992 मध्ये राजकीय कैद्यांच्या आया मुलांच्या सुटकेसाठी याच कोपऱ्यावर उपोषणाला बसल्या. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लाठ्या चालवल्या, माथाई मार खाऊन बेशुद्ध पडल्या. त्या माऊल्यांनी मग जवळच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये आसरा घेतला आणि तिथून जवळजवळ वर्षभर लढा चालू ठेवला. पुढच्या वर्षी बहुतेक कैदी सुटले. माथाईंना 2004 मध्ये शांततेचं नोबेल मिळालं, आणि 2010 मध्ये केनियाची नवी राज्यघटना लागू झाली ती याच मैदानावर, हजारोंच्या साक्षीने. हे सगळं मुलीला तिथेच उभं राहून सांगा. ब्रिटिशांविरुद्ध लढलेल्या माऊ माऊ बंडखोरांचं मोठं स्मारक इथे आहे, त्याच्यापाशी बसायलाही जागा मिळते.

पुढे आत गेलात की वातावरण एकदम जत्रेचं. दुपारी चर्च सुटलं की अख्खी कुटुंबं इकडे वळतात, पुरुष कडक इस्त्रीच्या सुटात, पोरी फुगीर झालरींच्या फ्रॉकमध्ये. कृत्रिम तळ्याशी गर्दी असते. फोटोग्राफर गळ्यात कॅमेरा अडकवून फिरतात आणि नमुन्याचे फोटो पुढे करतात. एक फोटो जरूर काढून घ्या, फक्त भाव आधी ठरवा. नको असेल तर हसून "हपाना, असांते" म्हणा, माणूस पुढे जातो. इथे बहुतेक व्यवहार मोबाइलवर एम-पेसाने होतात, तुमच्याकडे ते नसेल तर शिलिंगच्या सुट्ट्या नोटा ठेवा.

जाता-येता फुटपाथवर कोळशाच्या शेगडीवर भाजलेलं कणीस घ्या. वर तिखट-मीठ लावलेलं लिंबू चोळून देतात, अगदी आपल्यासारखं. दाणे मात्र पांढरे आणि टणक असतात, चावताना दातांचा कस लागतो. मुलीसाठी तिखट कमी सांगा.

आता सुरक्षिततेचं. रस्त्याच्या कडेला उभं राहून फोनवर बोलू नका, हिसकावून पळण्याचे प्रकार होतात. पासपोर्ट हॉटेलात ठेवा, बॅग पोटाशी धरा. विषुववृत्त जवळ असल्याने इथे वर्षभर साडेसहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि अंधार झपकन पडतो, म्हणून साडेपाचला निघाच. परतताना अॅपवरून टॅक्सी मागवा. सकाळी हॉटेलात विचारून घ्या की शहरात सभा किंवा मोर्चा आहे का. 25 जून आणि 7 जुलै या तारखांच्या आसपास येत असाल तर मध्यवर्ती भाग टाळलेला बरा, त्या दिवसांत निदर्शनं होतात आणि रस्ते अडवले जातात. आफ्रिका म्हणून सुती कपडेच भरू नका. हे शहर कळसूबाईपेक्षा उंचावर वसलंय, जून ते ऑगस्ट स्वेटर लागतोच.

सकाळ रिकामी राहिली तर करुरा करा. तिथे सायकली भाड्याने मिळतात, धबधबा आहे, आणि ते जंगलही 1990 च्या दशकाच्या शेवटी बिल्डरांच्या घशात जाता जाता माथाई आणि विद्यार्थ्यांनी वाचवलेलं आहे. एकदाच वापरायच्या प्लास्टिकला तिथे बंदी आहे, तेव्हा पाणी स्टीलच्या बाटलीतून न्या.