पायातून निघालेल्या काळ्या मातीचे काय करावे?

प्रश्न : आमच्या वसाहतीत इमारतीच्या पायासाठी खणलेली काळी माती ट्रक भरभरून बाहेर जात आहे. तिच्यापासून भांडी, गणपती किंवा विटा करता येतील का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : येतील, मात्र ती आहे तशी वापरून चालणार नाही. माळव्याची काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनलेली असून तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाण्याने फुगते आणि वाळताना इतके आकसते की, नुसत्या या मातीची पणती भट्टीत जाण्यापूर्वीच तडकण्याची भीती असते. म्हणून माती भिजवून, गाळून तिच्यात बारीक वाळू किंवा भाजलेल्या खापरांचा चुरा मिसळावा आणि वस्तू सावलीत सावकाश वाळवावी. खरा घात करतात ते चुनखडीचे पांढरे खडे. भाजल्यावर त्यांचा कळीचा चुना होतो, तो हवेतील ओलावा शोषून फुगतो आणि चांगल्या भाजलेल्या भांड्याचा टवका काही दिवसांनी आपोआप उडतो. (दोष मात्र कुंभाराला दिला जातो!) लोहामुळे भाजलेली वस्तू बहुधा तांबडी निघते. विटांसाठी या मातीत औष्णिक वीजकेंद्रातील राख मिसळल्यास तडे कमी जातात. गणपती भाजायचा नसल्याने चुन्याची चिंता नाही, पण मूर्ती जाड व भरीव करू नये. सिमेंटचा राडारोडा मिसळण्यापूर्वीच ठेकेदाराकडून माती वेगळी काढून घ्यावी.