भ्रूण गीरचा, पोट कपिलेचं, तारण बायकोच्या सोन्याचं

गुहागर तालुक्यातले एक वाचक लिहितात: "घरच्या दहा कोकण कपिला गाई आहेत. सगळ्यांच्या गर्भाशयात गीर गाईंचे तयार भ्रूण सोडायचं ठरवलंय. एजंट एका भ्रूणाचे २० हजार सांगतो, एकूण २ लाख, 'शंभर टक्के हमी' लिहून देतो. हमीपत्राचा फोटो जोडलाय. बायकोचं सोनं तारण ठेवू की एफडी मोडू? गाई पेंढ्यावर आणि चरण्यावर आहेत. तीन-चार माजावर येत नाहीत, पण इंजेक्शनने येतील म्हणे."

सोनं नको. सोनेतारण बहुतेक ठिकाणी वर्षभरात फेडावं किंवा व्याज भरून फिरवावं लागतं. भ्रूण आज रुजला तरी वासरू नऊ-साडेनऊ महिन्यांनी, आणि गीर कालवडीचं पहिलं वेत साडेतीन-चार वर्षांच्या वयात. दुधाचा पहिला रुपया साडेचार वर्षांनी. तोवर हे कर्ज काय दुधावर फेडणार?

एफडीसुद्धा आत्ता मोडू नका. कारण तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत आहे, ज्यांबद्दल तुम्ही काही विचारलेलंच नाही.

भ्रूण कितीही भारी असो, तो रुजतो गाईच्या अंगावर. माजानंतर साधारण सातव्या दिवशी तो सोडतात, एखादा दिवस इकडेतिकडे चालतो, त्याहून जास्त नाही. त्या दिवशी बीजकोषावर चांगला पीतपिंड (माजानंतर तयार होणारी, गर्भ टिकवणारी गाठ) हवा, नाहीतर गाय बाजूला काढायची. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर गाय जगते, माजावर नीट येत नाही. इंजेक्शनने माज घडवता येतो, पण आधी गाय ठणठणीत हवी. फासळ्या मोजता येतात त्या गाईवर ते औषध वाया. आणि कपिला लहान चणीची. गीरचं वासरू तिच्या पोटात मोठं झालं तर अडेल, मग रात्री दोनला डॉक्टर शोधा. सुखरूप व्याली तरी तिचं दोन लिटर दूध त्या वासरालाच पुरायचं नाही.

आता हिशेब. दहापैकी सातच गाई लायक निघतील, हेही उदारपणे. गोठवलेले भ्रूण चांगल्या गोठ्यातही दहात तीन-चार रुजतात; तुमच्याकडे एकूण दोन धरा. दहा भ्रूणांचे दोन लाख भागिले दोन, म्हणजे एक वासरू लाखाला. भ्रूण लिंगनिश्चित वीर्याचा (ज्यातून बहुतेक कालवडीच होतात) नसेल तर त्यातला एक पाडा. लाखाचा पाडा!

हमीपत्र वाचलंत का? हमी 'यशस्वी रोपणाची' आहे. म्हणजे भ्रूण आत गेला, संपलं. गाभण हा शब्द त्या कागदावर कुठेच नाही. अशा कागदाला मी हमी नाही, पावती म्हणतो.

करायचंच असेल तर २०-२५ हजार गाईंवर घाला: जंतनाशक, गोचिडांचा बंदोबस्त, खनिज मिश्रण, तीन महिने पेंडीचा खुराक, ब्रुसेलोसिसची (गाभ पाडणाऱ्या संसर्गजन्य रोगाची) तपासणी. व्यायल्याला दोन महिने न झालेली गाय यातून वगळा. मग त्यांतल्या मोठ्या हाडापेराच्या दोन-तीन गाई निवडा आणि एजंटला सांगा, निम्मे पैसे साठाव्या दिवशी गाभण तपासल्यावर. मान्य नसेल तर तो आपोआप गायब होईल, तेवढीच बचत.

पत्रात भ्रूणाची किंमत, एजंटची हमी, सोनं, एफडी सगळं आहे. माजाची तारीख एकाही गाईची नाही. गोठ्यात कॅलेंडर टांगा, तीन महिन्यांच्या तारखा लिहा आणि मला पाठवा. एफडीचं तेव्हा बघू.