‘पाणी’ म्हणता येत नाही, शिवी मात्र स्पष्ट येते

आप्पा सांगलीच्या हळद पेठेत एका अडत दुकानावर दिवाणजी. वय ५८. दोन महिन्यांपूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं. आता चालतात, पण बोलणं गेलंय. पत्नीनं रडवेल्या आवाजात विचारलं, “मॅडम, यांना साधं ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण चिडले की शिवी खणखणीत येते. डोक्यावर परिणाम झालाय का? का मुद्दाम करतात?”

अर्धांगवायूनंतर हा प्रश्न कितीतरी घरांत पडतो.

आप्पांना म्हटलं, “आधी खिडकीकडे बोट करा, मग दाराकडे.” डाव्या हातानं अचूक केलं. पेन दाखवलं, तर “प... प...”. कपाळावर घाम आला, शब्द काही येईना. मग “सोमवार, मंगळवार” अशी सुरुवात करून दिली आणि ते थेट रविवारपर्यंत गेले. “आज वार कोणता?” म्हटल्यावर पुन्हा अडले.

त्यांची इजा डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात, खालच्या अंगाला आहे. शब्द जुळवून तोंडाला हुकूम देणारा हा भाग. फ्रेंच डॉक्टर ब्रोका यांनी तो १८६१ मध्ये दाखवून दिला. त्यांच्या रुग्णाला ‘तां’ एवढंच म्हणता यायचं. बोललेलं समजून घेणारा भाग मागे, कानाच्या वरच्या बाजूला असतो. आप्पांचा तो बराचसा शाबूत आहे. शिव्या, वार, आकडे, आरत्या मात्र जुळवाव्या लागत नाहीत, तयारच बाहेर पडतात. त्यात उजवा मेंदू आणि खोलवरचे भागही काम करतात. म्हणून शिवी येते. ती तुम्हाला दिलेली नसते, हे मी वहिनींना दोनदा सांगितलं.

हात लुळा आणि पाय सुधारला, याचंही कारण तिथंच आहे. तोंड आणि हात हलवणारी पट्टी या भागाला लागून आहे. पायाची जागा वर, मधोमध, आणि तिला रक्त दुसऱ्या वाहिनीतून मिळतं.

मुलानं पाटी-पेन्सिल आणून दिली होती. तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण लिहायलाही शब्दच जुळवावे लागतात. त्याऐवजी पाणी, चहा, गोळी, संडास, पंखा, दुखतंय अशा दहा-बारा चित्रांची वही करायला सांगितलं. बोलताना टीव्ही बंद, समोर एकच माणूस, वाक्य छोटं. हो-नाहीत उत्तर येईल असं विचारायचं आणि मनात दहा आकडे होईपर्यंत थांबायचं. घरचे चुकतात ते इथंच: शब्द पुरा करून टाकतात, नाहीतर बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडतात.

शिवाय स्पीच थेरपिस्टच्या देखरेखीखाली रोज दोनदा, वीस-वीस मिनिटं, डाव्या हातानं टेबलावर ठेका धरून “पा-णी द्या” सुरात म्हणायचं. तिसऱ्या आठवड्यात आप्पा ठेक्यावर “चहा नको” म्हणाले. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत जास्त असतो, पण नंतरही ती चालू राहते. सगळं बोलणं परत येईलच, असं मात्र मी कुणालाच सांगत नाही.

बीपीची गोळी चुकवायची नाही. तोंड पुन्हा वाकडं झालं, हात गळाला किंवा बोलणं अचानक आणखी अडखळलं, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, आणि त्याआधी स्कॅनलाही वेळ लागतो.