दाखला जोडला की शिक्षा टळते का?

घरगुती हिंसाचाराच्या खटल्यांतील शिक्षेबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून तेच ते प्रश्न फिरून येतात, म्हणून एकत्र उत्तरे देत आहे.

४९८-अ कलम रद्द झाले, असे ऐकले. खरे का? (कळवा)

नाही. पती किंवा सासरच्यांनी विवाहितेचा छळ करणे, हा तो गुन्हा; १ जुलै २०२४ पासून तो भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. शिक्षाही तीच, ३ वर्षांपर्यंत कारावास आणि दंड.

तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा मागता येईल का? (घणसोली)

नाही. ती मोजक्या किरकोळ गुन्ह्यांपुरती आहे.

पती दारू पिऊन मारतात. निकाल जवळ आला आहे. ते आत गेले तर घराचे हप्ते कोण भरणार? दीर म्हणतात, व्यसनमुक्तीचा दाखला जोडला की कोर्ट सोडते. (कोपरी)

हप्त्यांची काळजी खरी आहे. दिरांचे ज्ञान मात्र ऐकीव आहे. मध्यंतरी माझ्यासमोर ‘राग-नियंत्रणा’चा असाच एक दाखला आला होता : सोनेरी किनार, लॅमिनेशन, दहा सत्रे पूर्ण, आणि पहिल्या व शेवटच्या सत्रात अंतर सहा दिवसांचे. पैसे पत्नीनेच भरले होते. अशा कागदाला मी उपचार म्हणत नाही.

दोष सिद्ध झाल्यावरही, १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याच्या कलम ४ नुसार, गुन्ह्याचे स्वरूप आणि आरोपीची पार्श्वभूमी पाहून न्यायालय त्याला ३ वर्षांपर्यंतच्या, चांगल्या वर्तनाची हमी देणाऱ्या बंधपत्रावर सोडू शकते, परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावू शकते आणि नशा न करण्याची अटही घालू शकते. अट मोडली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा भोगावी लागू शकते. ही टांगती तलवार आहे म्हणूनच उपचारांना अर्थ राहतो. गंभीर दुखापत किंवा पुन्हा पुन्हा मारहाण असेल, तर मात्र ही सवलत मिळेल असे गृहीत धरू नका.

शिवाय दारू सुटली म्हणजे हात उगारण्याची सवय सुटली असे नाही. पिऊनही साहेबांपुढे ज्याचा हात आवरतो, त्याचा तो घरीच का सुटतो, हे समुपदेशकाने विचारलेच पाहिजे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील समुपदेशनात तर ‘तिनेच चिडवले’ अशी सबब पुढे करायला नियमानेच मनाई आहे. उपचारांच्या बदल्यात जबाब फिरवण्याचा आग्रह झाला, तर सही करण्यापूर्वी वकिलांना भेटा. ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

संरक्षण आदेश असूनही पती सोसायटीच्या गेटवर येऊन धमकावतात. तिसरी वेळ आहे. पुढच्या तारखेला सांगू का? (ऐरोली)

तारखेपर्यंत का थांबता? आदेशाचा भंग हा कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३१ खाली स्वतंत्र, दखलपात्र गुन्हा आहे : १ वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आदेशाची प्रत घेऊन आजच पोलीस ठाण्यात जा, संरक्षण अधिकाऱ्यांना लेखी कळवा, आणि गेटवरचे सीसीटीव्ही चित्रण पुसले जाण्याआधी सोसायटीकडे लेखी मागून ठेवा.